फोटो काढला, पुढे काय?

हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागणाऱ्या बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटवर माणसाऐवजी लांब लेन्सची बॅग बसलेली असते. मंडळी निघालेली असतात भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर उतरलेले रोहित पक्षी टिपायला. आषाढात ज्ञानोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवे घाट चढते, तेव्हा घाटाच्या प्रत्येक वळणावर वारकऱ्यांच्या बरोबरीने कॅमेरेवाले उभे असतात. विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी अलका टॉकीजच्या चौकात तर कॅमेऱ्याला कॅमेरा लागतो. एवढे फोटो निघतात, त्यांचं पुढे होतं काय? एखादा व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर चोवीस तास राहतो, दोन-चार इन्स्टाग्रामवर जातात आणि बाकीचे हार्ड डिस्कमध्ये. ती भरली की दुसरी डिस्क घेतली जाते.

कधी ना कधी हौशी माणसाला वाटायला लागतं, की हे कुणाला तरी नीट दाखवावं, भिंतीवर लावावं, जमलं तर चार पैसेही मिळावेत. इच्छा रास्त आहे आणि मार्गही पुष्कळ आहेत. पण ‘कुठे विकू?’ हा प्रश्न नंतरचा. ‘हा फोटो कुणाला लागेल?’ हा आधीचा. नुसत्या सुंदर फोटोची गरज सहसा कुणालाच नसते, कारण सुंदर फोटोंचा महापूर आलेला आहे. विषय असलेला फोटो मात्र लागतो. सिंहगडावरचा सूर्यास्त अर्ध्या पुण्याच्या मोबाइलमध्ये आहे. सिंहगडावर मडक्यातलं दही विकणाऱ्या बायकांचा सलग दहा वर्षांचा चित्रसंग्रह कुणाकडे आहे? असेल, तर त्याला वर्तमानपत्र विचारील, प्रकाशक विचारील, एखादा अभ्यासकही दारात येऊन बसेल.

फोटो वाटून घेण्याची हौस आपल्याकडे फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, फोटोग्राफीचा शोध जगजाहीर होऊन तेव्हा पुरती पंधरा-सोळा वर्षं झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या सोसायटीतलं ठळक एतद्देशीय नाव. व्यवसायाने डॉक्टर, पण फोटोग्राफीत मुरलेले. पुढे १८५६ मध्ये विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ नावाची मालिका सुरू केली. दर अंकात तीन फोटो आणि सोबत मजकूर. छापखान्यात फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे प्रत्येक प्रतीत खरेखुरे प्रिंट चिकटवलेले असत. हौशी लोकांनी आपले फोटो वर्गणीदारांपर्यंत पोचवण्याचा हा बहुधा आपल्या मुलखातला पहिला पद्धतशीर प्रयत्न. त्यातही नुसती दृश्यं नव्हती. पश्चिम भारतातल्या माणसांची, वेशभूषांची आणि व्यवसायांची चित्रं होती. आज तो अल्बम टिकून आहे तो त्याच्या विषयामुळे.

पुण्यात फोटो लोकांसमोर मांडायचा म्हटलं, की पहिलं नाव निघतं ते जंगली महाराज रस्त्यावरच्या बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनाचं. रंगमंदिर १९६८ साली सुरू झालं. तिथल्या दालनाचा मोठा फायदा म्हणजे आयता प्रेक्षक. नाटकाला अर्धा तास आधी पोचलेले लोक, कुणाची तरी वाट पाहणारे, संभाजी बागेतून फिरून आलेले आजोबा, सगळे आत डोकावतात. घोले रोडवर महापालिकेच्याच पंडित जवाहरलाल नेहरू सांस्कृतिक भवनात राजा रविवर्मा कलादालन आहे. नाव समर्पक आहे. चित्र राजवाड्यातून काढून घराघरांतल्या भिंतीवर नेणारा हा चित्रकार, आणि त्याचा छापखाना काही काळ लोणावळ्याजवळच्या मळवलीला होता. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातही दालन आहे. पत्रकारनगरचं दर्पण कलादालन लहान आणि शांत आहे. तिथे येणारा मुद्दाम चित्रं पाहायलाच आलेला असतो. हा फरक ध्यानात ठेवायला हवा. गर्दी हवी की बघणारे हवेत, हे ठरवून दालन निवडावं.

महापालिकेच्या दालनांच्या तारखा बऱ्याच आधी घ्याव्या लागतात. शनिवार-रविवार आणि १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाच्या आसपासच्या तारखांवर सगळ्यांचाच डोळा असतो. पहिल्याच खेपेला एकट्याने दालन घेऊ नये असं माझं मत आहे. चार-पाच जणांनी मिळून एक विषय घ्यावा, प्रत्येकी आठ-दहा फोटो लावावेत. भाडं, प्रिंट, निमंत्रणपत्रिका आणि दिवसभर खुर्चीत बसण्याची पाळी, सगळंच वाटून घेता येतं.

खर्चाचा मोठा भाग जातो तो प्रिंट आणि फ्रेममध्ये, आणि नवख्यांचे बहुतेक घोटाळेही तिथेच होतात. थोडं गणित करू. हातात धरून पाहायच्या उत्तम प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात असं धरतात. म्हणजे १२ × १८ इंचाच्या प्रिंटला ३६०० × ५४०० पिक्सेल, सुमारे १९ मेगापिक्सेल. आजच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते आरामात बसतं, फक्त फोटो फार कापलेला नसावा. २० × ३० इंचाचा प्रिंट मात्र लोक चार-सहा फुटांवरून पाहतात, तिथे इंचाला १५० पिक्सेल पुरतात; म्हणजे साडेतेरा मेगापिक्सेलमध्ये काम भागतं. मोठ्या प्रिंटला मोठाच कॅमेरा हवा हा समज त्यामुळे अर्धाच खरा. पण व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. ३०० ने भागलं तर जेमतेम पाच इंच. प्रिंटवाल्याला फाइल व्हॉट्सॲपनेच पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, नाहीतर सरळ पेन ड्राइव्ह घेऊन जावं.

दुसरी गोष्ट रंगाची. आपल्या लॅपटॉपचा पडदा खूप उजळ असतो आणि कागद स्वतः उजेड देत नाही. पडद्यावर झगमगणारा फोटो कागदावर काळवंडतो तो यामुळे. सगळे फोटो एकदम छापायला देण्याआधी दोन-तीन फोटोंचे लहान नमुने काढून घ्यावेत आणि दालनात जसा उजेड असेल तशा उजेडात ते पाहावेत. चकचकीत कागदावर दालनातले दिवे परावर्तित होतात, काचेवर तर जास्तच. म्हणून मॅट कागद बरा. सनबोर्डवर चिकटवलेले प्रिंट स्वस्त पडतात आणि दोन-तीन दिवसांच्या प्रदर्शनाला ठीक आहेत, पण ते वाकतात. ज्याने फोटो विकत घेतला त्याच्या घरी सनबोर्ड पाठवू नये. त्यासाठी चांगला कागद, फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंटची पट्टी, आणि मागून नीट बंद केलेली फ्रेम हवी. पुण्याच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेला प्रिंट दोन वर्षांत खराब होतो. पेठेतला कुठलाही जुना फ्रेमवाला हे न विचारता सांगतो.

फोटोखालच्या ओळीकडे मात्र फारच थोडे लोक लक्ष देतात. ‘निःशब्द’, ‘प्रतीक्षा’, ‘एकटा जीव’ असली शीर्षकं फोटोला काहीच देत नाहीत. ‘पालखीचा दुसरा मुक्काम, भवानी पेठ, पहाटे ५’ एवढं लिहिलं की बघणारा थांबतो. तो तिथलाच असेल तर तुमच्याशी बोलायलाही येतो. प्रदर्शनाच्या दारापाशी अभिप्रायाची वही असते. त्यात ‘अप्रतिम’ आणि ‘खूप छान, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे दोन अभिप्राय पानोपान असणारच, आणि कुणीतरी येऊन ‘कॅमेरा कुठला?’ हेही विचारणारच. त्यावर रागावू नये. पण वहीत फोन नंबर आणि ई-मेलसाठी रकाना जरूर आखावा. विक्री प्रदर्शनात क्वचित होते. ती महिन्याभराने त्या वहीतल्या एखाद्या नंबरवरून होते.

विकत घेणारे कोण? भिंतीसाठी फोटो घेणारा घरगुती रसिक पुण्यात अजून विरळाच. पेंटिंगला पैसे मोजणारा माणूस फोटोपाशी येऊन ‘हा परत छापता येईल ना?’ असं विचारतो आणि त्याचं म्हणणं अगदीच चूक नसतं. त्यावर उपाय म्हणजे मर्यादित प्रती. एका फोटोच्या ठराविक आकारात दहाच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर ३/१० असा क्रमांक आणि सही करायची, आणि अकरावी कधीही काढायची नाही. शब्द पाळला तरच त्या आकड्याला किंमत. खरे गिऱ्हाईक बहुतेकदा वेगळीकडे असतात: दवाखान्यांची प्रतीक्षागृहं, नवी कार्यालयं, पर्यटकांची घरगुती निवासस्थानं, बिल्डरांचे सॅम्पल फ्लॅट. यांच्यापर्यंत पोचायची वाट इंटिरिअर डिझायनरमधून जाते. दातांच्या डॉक्टरला तमाशाचा फड नको असतो, शांत पाणी किंवा झाडं हवी असतात. त्यात कमीपणा मानू नये. ज्याच्या भिंतीवर लागणार त्याची आवड त्याच्याकडे.

विषयाला धरून राहिलं तर काय होतं याची उदाहरणं पुण्यातच आहेत. संदेश भंडारे यांनी वर्षानुवर्षं तमाशा कलावंतांबरोबर फिरून फोटो काढले. त्यांची प्रदर्शनं झाली आणि ‘तमाशा: एक रांगडी गंमत’ हे पुस्तक झालं. वारीवरही त्यांचं पुस्तक आहे. त्यांच्या फोटोंत रंगमंचाइतकाच रंगमंचाच्या मागचा पसारा आहे, राहुट्या आहेत, चुली आहेत. तो पसारा एका भेटीत दिसत नाही, त्याच फडावर पुन:पुन्हा जावं लागतं. सतीश पाकणीकर यांचा व्यवसाय औद्योगिक फोटोग्राफीचा, पण पुणेकर त्यांना ओळखतात ते गायक-वादकांच्या प्रकाशचित्रांमुळे. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात त्यांच्या फोटोंपाशी रसिकांची गर्दी होते, आणि संगीतावरची त्यांची कॅलेंडर लोक वर्ष संपल्यावरही भिंतीवरून उतरवत नाहीत. देविदास बागुल यांनी साहित्यिक आणि कलावंतांचे चेहरे टिपले आणि मराठी वाचकांच्या मनात कित्येक लेखकांची प्रतिमा तीच राहिली. पुण्याबाहेर पाहायचं तर उद्धव ठाकरे यांनी आकाशातून टिपलेले गडकिल्ले आधी मुंबईच्या जहांगीर कलादालनात लागले, मग २०१० मध्ये ‘महाराष्ट्र देशा’ या पुस्तकात आले. वारीवरचं ‘पहावा विठ्ठल’ त्यानंतर वर्षभराने. हेलिकॉप्टर सगळ्यांना मिळत नाही हे खरं. पण एक विषय, प्रदर्शन आणि पुस्तक ही चढण सगळ्यांना तीच आहे.

दालनच हवं असंही नाही. गोव्यात २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘गोवाफोटो’ महोत्सवाने पुढच्या खेपांत गावातली राहती घरंच प्रदर्शनासाठी वापरली. कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या दिवाणखान्यात फोटो, आणि पाहणारे घरोघर फिरताहेत. पुण्याच्या पेठांत जे थोडे वाडे उरलेत, त्यांच्या चौकात हे सहज करता येईल. एखाद्या गणेश मंडळाने मनावर घेतलं तर आपल्याच पेठेच्या जुन्या-नव्या फोटोंचं प्रदर्शन दहा दिवस चालवता येईल. भाडं शून्य आणि गर्दी बालगंधर्वपेक्षा जास्त.

आता स्पर्धा. फोटोग्राफी क्लबमध्ये पाऊल टाकलं की ‘सलॉन’ हा शब्द कानावर पडतो. जगभरचे क्लब ठराविक नियमांनी स्पर्धा भरवतात. विभागवार सहसा चार फोटो, तीन परीक्षक, गुण, आणि ठराविक गुणांच्या वर गेलेल्या फोटोला ‘ॲक्सेप्टन्स’. या व्यवस्थेच्या माथ्यावर १९५० मध्ये युरोपात स्थापन झालेला एफआयएपी हा जागतिक महासंघ आहे आणि आपल्याकडे १९५३ पासून फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी. ॲक्सेप्टन्स साठले की नावापुढे ‘एएफआयएपी’ सारखी अक्षरं लावता येतात. सुरुवातीला याचा उपयोग होतो. फोटो निवडायची शिस्त लागते, बाकीच्यांचं काम दिसतं. पण पुढे पुढे माणूस परीक्षकांना आवडतील असेच फोटो काढू लागतो. धुक्यातला नावाडी, खिडकीतून येणाऱ्या उजेडात पोथी वाचणारा म्हातारा, मेंढरांच्या धुळीतून येणारी किरणं. हे फोटो पाहून आता परीक्षकही दमले असतील. प्रवेश शुल्क भरून प्रमाणपत्रं गोळा करण्याला मी तरी छंदातला छंद म्हणेन.

मोठ्या स्पर्धांची गोष्ट वेगळी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २०१६ साली शहरी वन्यजीव विभागात मुंबईचे नयन खानोलकर जिंकले. फोटो होता आरे कॉलनीतल्या वारली वस्तीच्या बोळातून रात्री चाललेल्या बिबट्याचा. घराची भिंत, दिव्याचा उजेड आणि त्यातून निवांत निघालेलं जनावर. बिबट्याचे फोटो आफ्रिकेतून रग्गड येतात. माणसांच्या वस्तीत वावरणारा मुंबईचा बिबट्या, आणि त्याच्याशी जुळवून घेतलेली माणसं, ही इथलीच गोष्ट होती. खानोलकरांना तिथलं वारली जीवन आणि बिबट्याची वाट, दोन्ही ठाऊक होतं आणि त्या एका चौकटीसाठी त्यांनी कित्येक महिने दिले.

स्पर्धेचे नियम वाचताना दोन कलमं बारकाईने पाहावीत. पहिलं हक्कांचं. ‘आलेल्या सर्व फोटोंचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असं असेल तर ती स्पर्धा नाही, फुकटात फोटो गोळा करायची युक्ती आहे. सर्वाधिक लाइक्सवर बक्षीस देणारी स्पर्धाही त्याच माळेतली. तिथे तुमचे नातेवाईक जिंकतात, फोटो नाही. दुसरं कलम पक्षी-प्राण्यांसाठी. घरट्यातल्या पिलांचे फोटो अनेक भारतीय स्पर्धा आता स्वीकारतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. फोटोसाठी घरट्याभोवतीच्या फांद्या बाजूला केल्या की ऊन आणि कावळे दोन्ही आत पोचतात.

घरबसल्या जगभर फोटो विकायचा रस्ता म्हणजे स्टॉक एजन्सी. जाहिरातवाले, प्रकाशक आणि संकेतस्थळं तिथून फोटो घेतात. मुंबईत जगदीश अग्रवाल यांची दिनोदिया ही एजन्सी हे काम स्लाइडच्या काळापासून करते आहे. इंटरनेटने यात दोन उलथापालथी केल्या. २००० साली आयस्टॉक आणि २००३ साली शटरस्टॉक निघाले, हौशी माणसालाही दार उघडलं आणि त्याच दारातून किमती खाली गेल्या. आज ॲडोब स्टॉक फोटोच्या विक्रीतले ३३ टक्के छायाचित्रकाराला देतं. शटरस्टॉकने २०२० मध्ये १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या केल्या, आणि दर १ जानेवारीला सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येतात. वर्गणीदाराने एक फोटो उतरवून घेतला तर तुमच्या वाट्याला काही वेळा १० सेंटच येतात. आठ-नऊ रुपये. पुण्यात तेवढ्यात कटिंग चहा मिळाला तरी पुष्कळ. शेकड्याने फोटो टाकून, प्रत्येकाला नेमके इंग्रजी शोधशब्द जोडून सातत्य ठेवणाऱ्याला महिन्याला थोडी भर पडते, त्यावर संसार चालत नाही. आता तर मागाल ते चित्र यंत्र तयार करून देतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं सफरचंद विकत घेण्याचं कुणाला कारण उरलेलं नाही. यंत्राला जे करता येत नाही ते अजून खपतं: खरी जागा, खरी घटना, खरा दिवस. मंडईतला भाजीचा गाळा, दहीहंडीचा थर, पीएमपीच्या बसमधली सकाळ, पुरात बुडालेला भिडे पूल.

अशा फोटोंना ‘एडिटोरियल’ म्हणतात. ते बातमी, लेख, पुस्तक यांत चालतात, जाहिरातीत नाही. जाहिरातीत वापरायच्या फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर त्याची लेखी संमती एजन्सी मागतेच. त्या कागदाला मॉडेल रिलीज म्हणतात. वारीतल्या एखाद्या आजींचा चेहरा वर्तमानपत्रात छापणं वेगळं आणि विमा कंपनीच्या फलकावर लावणं वेगळं. नियम बाजूला ठेवला तरी त्यांना विचारायला हवं हे उघड आहे. अमेरिकन एजन्सीत खातं उघडल्यावर डब्ल्यू-८बेन हा कराचा फॉर्म मात्र आधी भरावा. तो न भरल्यास तिथे ३० टक्के कर कापला जाऊ शकतो; भरला तर भारत-अमेरिका करारानुसार रॉयल्टीवरची कपात १५ टक्क्यांवर येते.

फोटो कुणाचा, हा प्रश्न पैशाच्या आधी सुटलेला बरा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. कॅमेरा मेव्हण्याचा असला तरी बटण तुम्ही दाबलं तर फोटो तुमचा. नोंदणी सक्तीची नाही, हक्क आपोआप मिळतो. २०१२ च्या दुरुस्तीपर्यंत फोटोचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं असे. आता तो कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर आणखी ६० वर्षं राहतो. कलम १७ मधली मेख मात्र पुष्कळांना माहीत नसते: कुणी मोबदला देऊन सांगितलं म्हणून फोटो काढला, तर वेगळा करार नसल्यास हक्क पैसे देणाऱ्याचा. मित्राच्या मुलीच्या लग्नाचे फोटो पाकीट घेऊन काढले असतील, तर ते विचारल्याशिवाय आपल्या प्रदर्शनात लावू नयेत. चौकातले पुतळे आणि इमारती यांचे फोटो काढायला कॉपीराइटची आडकाठी नाही. शनिवारवाडा, पाताळेश्वर, आगाखान पॅलेस ही स्मारकं मात्र केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. हातातल्या कॅमेऱ्याला तिथे सहसा कुणी अडवत नाही. ट्रायपॉड लावून, मॉडेल उभी करून व्यावसायिक चित्रण करायचं तर परवानगी लागते.

मराठी हौशी छायाचित्रकाराला एक बाजार असा आहे जो बाकीच्यांना नाही: दिवाळी अंक. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा आजही शेकडो अंकांनी चालवली आहे आणि त्यांना मुखपृष्ठं, लेखांना फोटो, चित्रमालिका लागतात. बहुतेकांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे सप्टेंबरात संपादकाला फोन करून उपयोग नाही. सुटे फोटो पाठवण्यापेक्षा आठ-दहा फोटोंची मालिका आणि सोबत पाचशे शब्दांचा स्वतः लिहिलेला मजकूर पाठवावा. ज्याला लिहिता येतं त्या फोटोग्राफरला संपादक सोडत नाहीत. मानधन किरकोळ असेल, पण ते विचारायला संकोचू नये, आणि ‘फक्त या अंकापुरता वापर, फोटोखाली नाव’ एवढं ई-मेलमध्ये लिहून घ्यावं. फोटोखाली ‘सौजन्य: इंटरनेट’ छापणाऱ्यांशी पुन्हा व्यवहार करू नये. मंडळं, बँका, सहकारी संस्था कॅलेंडर काढतात. त्यांनाही दरवर्षी बारा फोटो हवे असतात आणि ते एका विषयावरचे असले तर त्यांचं काम सोपं होतं.

विकण्याइतकंच समाधान कधी कधी फोटो देऊन टाकण्यात मिळतं. पाषाण तलाव किंवा कवडी पाटला टिपलेला पक्षी ‘ई-बर्ड’वर तारीख आणि ठिकाणासह चढवला, की तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संग्रहात जातो आणि संशोधकांच्या कामी येतो. तिथे फोटो सुंदर असण्यापेक्षा पक्षी ओळखू येणं महत्त्वाचं. किडे, फुलं, कोळी यांच्यासाठी ‘आयनॅचरलिस्ट’ आहे. वास्तू, माणसं, सण, खाद्यपदार्थ यांच्यासाठी विकिमीडिया कॉमन्स आहे, विकिपीडियातले फोटो मुख्यतः तिथूनच येतात. वारसावास्तूंच्या फोटोंची ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’ ही तिथली स्पर्धा २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाली. २०११ मध्ये १,६८,२०८ फोटो येऊन ती जगातली सर्वांत मोठी छायाचित्रस्पर्धा म्हणून गिनेस बुकात नोंदली गेली. एक गोष्ट समजूनच तिथे फोटो टाकावा: कॉमन्सवरचा फोटो कुणालाही, धंद्यासाठीसुद्धा, फुकट वापरता येतो, बहुतेक परवान्यांत तुमचं नाव देण्याची अट असते. जे फोटो विकायचे आहेत ते तिथे टाकू नयेत. आणि जे कधीच विकले जाणार नाहीत ते डिस्कमध्ये कुजवूही नयेत.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे आणि आपल्या गावांच्या, देवळांच्या, बाजारांच्या किती तरी लेखांत आजही फोटोची जागा रिकामी आहे. पुण्यातले वाडे दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्या डिस्कमध्ये पाडलेल्या वाड्याचा, बंद पडलेल्या थिएटरचा किंवा आता नसलेल्या चौकाचा फोटो असेल, तर या आठवड्यात तो शोधून काढा, ठिकाण आणि तारीख लिहा आणि कॉमन्सवर टाका.